ज्या समुद्राला ओहोटी दिसत नाही

काशीदला, गुहागरला किंवा तारकर्लीला समुद्रात उतरण्याआधी आपण एक काम कुणी न शिकवता करतो. चपला कुठे काढायच्या, ते वाळूकडे बघून ठरवतो. वाळू कुठवर ओली आहे, मागच्या भरतीने टाकलेली शिंपल्यांची आणि काटक्यांची रेघ कुठे आहे, हे बघायचं आणि त्या रेघेच्या वर चपला ठेवायच्या. पाणी चढतं असेल तर तेवढ्यानेही भागत नाही. किनाऱ्यावर खुर्च्या भाड्याने देणारा पोरगा त्या सारख्या मागे ओढत असतो, आणि संध्याकाळी सगळा पसारा सुरूच्या बनापर्यंत गेलेला असतो.

आता ग्रीसमधल्या नाक्सोस बेटावर येऊ. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, मुख्य शहरापासून सहा-सात किलोमीटर दक्षिणेला, आयिया आन्ना नावाचं छोटं गाव आहे. मासेमारीच्या होड्यांचा धक्का, पांढरी घरं, दोन्ही बाजूंना वाळूचे किनारे. इथे मोसमाच्या सुरुवातीला रोवलेल्या छत्र्यांची पहिली रांग पाण्यापासून काही पावलांवर असते आणि मोसम संपेपर्यंत तिथंच असते. टॅव्हर्नाची, म्हणजे घरगुती खाणावळीची, टेबलं थेट वाळूत मांडलेली असतात. आया पोरांचे टॉवेल, चपला आणि कलिंगडाचा डबा लाटेपासून जेमतेम दोन हातांवर टाकतात आणि खुशाल पोहायला निघून जातात. कोकणातून गेलेला माणूस पाण्यात उभा राहूनही सारखा मागे वळून आपल्या पिशवीकडे बघत राहतो. पिशवी जागच्या जागी असते.

या गावातला उन्हाळ्यातला दिवस नुसता बघितला तर सगळा स्वभावाचा आणि निवांतपणाचा मामला वाटतो. सकाळी पोहणं, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा पाणी, रात्री दहाला जेवण. स्वभावाचा भाग त्यात आहेच. पण खोलात गेलं की त्यातल्या बऱ्याचशा सवयी दोन गोष्टींवर उभ्या दिसतात. पहिली गोष्ट, हा समुद्र जवळजवळ बंद आहे. दुसरी, तिथला कोरडा उन्हाळा बऱ्याच अंशी आपल्या पावसाळ्यावर चालतो. हे दुसरं विधान ओढूनताणून केल्यासारखं वाटेल. त्याचा हिशेब पुढे येतोच. आधी पाण्याचं बघू.

चंद्र तोच, पण पाणी जागचं हलत नाही

चंद्र डोक्यावर आला की खालचं पाणी वर ओढलं जातं, अशी भरतीची एक ढोबळ कल्पना आपल्या मनात असते. ती अर्धीच खरी आहे. खोल, मोकळ्या महासागराच्या मधोमध पाण्याची ही चढउतार बहुतेक ठिकाणी मीटरभराच्या आतबाहेरच असते. मुंबईला मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांत चार मीटरहून जास्त फरक पडतो. हे जादा पाणी येतं कुठून?

भरती ही खरं तर हजारो किलोमीटर लांबीची एक संथ लाट आहे. चंद्र आणि सूर्य तिला महासागरात हलवत ठेवतात आणि ती किनाऱ्याकडे प्रवास करते. मुंबईसमोरचा समुद्रतळ जवळपास तीनशे किलोमीटरपर्यंत उथळ आहे. त्या उथळ भागावर चढताना लाटेचा वेग कमी होतो, मागचं पाणी पुढच्या पाण्यावर येतं आणि उंची वाढते. खंबातच्या आखातात तर दोन्ही किनारे जवळ येत जातात, त्यामुळे भावनगरच्या बाजूला हा फरक दहा मीटरच्या घरात जातो. थोडक्यात, मोठी भरती हवी तर दोन गोष्टी लागतात. लाट तयार व्हायला विस्तीर्ण महासागर आणि ती आत यायला रुंद दार.

भूमध्य समुद्राकडे यातलं काहीच नाही. त्याचं क्षेत्रफळ सुमारे २५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि अटलांटिक महासागराकडे उघडणारं त्याचं एकमेव नैसर्गिक दार म्हणजे जिब्राल्टरची सामुद्रधुनी. ती सर्वांत अरुंद जागी १४ किलोमीटरच्या आसपास आहे. वाड्यातल्या मोठ्या हौदाला करंगळीएवढी नळी जोडावी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाची बादली वरखाली करून हौदातली पातळी हलवायला बघावं, तसला हा प्रकार आहे.

आकडे घालून बघितलं की गंमत आणखी कळते. जिब्राल्टरमधून अटलांटिकचं पाणी सरासरी सेकंदाला दहा लाख घनमीटरच्या आगेमागे आत येतं. आकडा प्रचंड वाटतो. पण ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत या वेगाने आलेलं सगळं पाणी भूमध्य समुद्रावर सारखं पसरलं, तर पातळी एक सेंटिमीटरसुद्धा वाढणार नाही. भरतीच्या जोरात प्रवाह काही पटींनी वाढला असं धरलं तरी हिशेब दोन-चार सेंटिमीटरवर संपतो.

मग चंद्र भूमध्य समुद्राला स्वतःहून ओढत नाही का? ओढतो. पण समुद्र लहान असला की त्याच्या एका टोकाला बसणारी ओढ आणि दुसऱ्या टोकाला बसणारी ओढ यांत फारसा फरक उरत नाही, आणि पाणी हलतं ते या फरकामुळे. शिवाय सिसिली बेटाजवळच्या उथळ भागाने या समुद्राचे दोन खण पाडले आहेत. एजियन समुद्र तर त्यातलाही एक कोपरा, बेटांनी भरलेला. परिणाम असा की नाक्सोसच्या किनाऱ्यावर चंद्रामुळे पडणारा फरक वीतभराच्या आतच राहतो. हवेचा दाब कमी-जास्त झाला किंवा दोन दिवस वारा एका दिशेने वाहिला, तर पातळी त्याहून जास्त हलते.

अपवाद आहेत. ट्युनिशियाच्या गाबेस आखातात आणि व्हेनिसच्या बाजूला पाण्याच्या खोऱ्याचा आकार असा जमून आला आहे की छोटीशी हालचालही वाढत जाते. व्हेनिसला ती मीटरभर होते, गाबेसला त्याहून जास्त. ग्रीसमध्येच खाल्कीदा शहराजवळ एव्हरीपोस नावाची जेमतेम चाळीस मीटर रुंदीची सामुद्रधुनी आहे. तिच्यातला प्रवाह दिवसातून साधारण चार वेळा दिशा बदलतो आणि महिन्यातले काही दिवस अगदीच लहरीपणाने वागतो. या प्रवाहाचं कोडं सुटेना म्हणून ॲरिस्टॉटलने त्यात उडी टाकली, अशी एक दंतकथा आहे. ॲरिस्टॉटल इसवी सनापूर्वी ३२२ मध्ये खाल्कीदातच वारला, एवढाच तिच्यातला खरा भाग.

ओहोटी नसली की किनाऱ्यावरचं आयुष्यच बदलतं. ओहोटीला आपल्याकडे शंभर-दीडशे मीटर रुंदीची ओली, घट्ट वाळू उघडी पडते. त्यावर क्रिकेट रंगतं, घोडागाड्या पळतात, गावातल्या बायका तिसऱ्या वेचतात, खडकांवरची कालवं फोडतात. नाक्सोसला अशी उघडी पडणारी जमीनच नाही. पाणी आणि कोरडी वाळू यांच्यामध्ये असते ती दोन-तीन पावलांची ओली पट्टी. तिथला मैदानी खेळही त्या पट्टीत मावणारा आहे. पाण्याच्या कडेला दोघं समोरासमोर उभे राहतात आणि लाकडी फळ्यांनी छोटा चेंडू जमिनीला न लागू देता टोलवत राहतात. या खेळाला ते ‘राकेतेस’ म्हणतात. त्याचा टकटक आवाज ग्रीक किनाऱ्यावर दिवसभर चालू असतो आणि शेजारी झोपू पाहणाऱ्याला तो वैताग आणतो. खडकावरचं काही वेचायचं असेल तर चष्मा लावून बुडी मारावी लागते. पोरं हातात चाकू घेऊन काटेरी समुद्री साळू काढतात आणि तिथल्या तिथे फोडून लिंबू पिळून खातात.

चौकट : चार मीटरचा कायदा

ग्रीसमध्ये समुद्रकिनारा सार्वजनिक मालकीचा आहे. हॉटेलांना आणि खाणावळींना त्याचा तुकडा छत्र्या-खुर्च्यांसाठी भाड्याने मिळतो. व्यवहारात मात्र तुकड्याची हद्द दरवर्षी थोडी थोडी सरकत गेली, आणि स्वतःचा टॉवेल घेऊन येणाऱ्याला तो टाकायला जागा उरेना. २०२३ च्या उन्हाळ्यात नाक्सोससमोरच्याच पारोस बेटावरच्या रहिवाशांनी किनाऱ्यावर निदर्शनं केली. ‘टॉवेलवाल्यांची चळवळ’ म्हणून ती गाजली आणि बघता बघता इतर बेटांवर पसरली.

२०२४ मध्ये नवा कायदा आला. भाड्याने दिलेल्या किनाऱ्याचा किमान ५० टक्के भाग मोकळा ठेवायचा, संरक्षित निसर्गक्षेत्रात ७० टक्के, आणि पाण्याच्या कडेपासून ४ मीटरपर्यंत एकही खुर्ची मांडायची नाही. नियम मोडलेला दिसला तर नागरिकांनी थेट तक्रार करावी म्हणून सरकारने मोबाइल ॲपही काढलं. ‘पाण्यापासून चार मीटर’ ही अट कायद्यात लिहिता येते, कारण तिथली पाण्याची कड सकाळी असते तिथेच संध्याकाळी असते. अलिबागला असा नियम केला तर आधी भरतीचं वेळापत्रक उघडून भांडावं लागेल.

पाणी नितळ, म्हणून मासळी महाग

दुसरं कोडं पाण्याच्या रंगाचं. नाक्सोसला गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी पायाची नखं मोजता येतात. आपल्याकडे गुडघ्याच्या खाली काय आहे ते कळत नाही. अनेकजण यावरून स्वच्छता आणि अस्वच्छतेचे निष्कर्ष काढतात. कचऱ्याच्या बाबतीत आपण बरंच ऐकून घ्यायला हवं, हे मान्य. पण पाण्याचा हा फरक मुख्यतः कचऱ्याचा नाही.

पाण्याचा स्वतःचा रंग निळसर असतो. सूर्यप्रकाशातला तांबडा भाग पाणी शोषून घेतं, निळा भाग खोलवर जातो आणि विखरून परत येतो. पाण्यात दुसरं काही नसेल तर समुद्र गडद निळा दिसणार. हा निळा रंग बिघडवतात दोन गोष्टी: तरंगता गाळ आणि सूक्ष्म वनस्पती, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं, पाण्यावर तरंगणारं हिरवं शेवाळ. कोकणात नद्या आणि खाड्या गाळ आणतात, भरती-ओहोटी तो दिवसातून दोनदा ढवळते. नाक्सोसला उन्हाळ्यात वाहती नदी नाही आणि ढवळणारी भरतीही नाही. वाळूही जाड आहे. बेटाच्या या बाजूला ग्रॅनाइटच्या जातीचा खडक आहे आणि त्याची झालेली भरड वाळू पाण्यात उडाली तरी लगेच खाली बसते.

सूक्ष्म वनस्पतींची गोष्ट जास्त रंजक आहे. त्यांना वाढायला नायट्रेट आणि फॉस्फेट लागतं, शेतातल्या पिकाला लागतं तसंच. भूमध्य समुद्रात हे खत टिकत नाही आणि त्याला कारण पुन्हा तो बंदपणाच. उन्हाने आणि कोरड्या वाऱ्याने या समुद्रातलं जेवढं पाणी वाफ होऊन जातं, तेवढं पाऊस आणि नद्या मिळूनही परत देत नाहीत. ही तूट जिब्राल्टरमधून येणारं अटलांटिकचं पाणी भरून काढतं. पण हे पाणी येतं ते वरच्या थरातलं, ज्यातलं खत अटलांटिकमधल्या वनस्पतींनी आधीच वापरून टाकलेलं असतं. आत आल्यावर ते पूर्वेकडे सरकत जातं, आटतं, खारट होतं, हिवाळ्यात थंड होऊन जड होतं आणि खाली बसतं. वरचे जीव मेल्यावर त्यांच्यातलं खतही खालीच जातं. आणि हे खालचं, जड, खतयुक्त पाणी जिब्राल्टरच्या तळाशी असलेल्या उलट्या प्रवाहातून अटलांटिकमध्ये निघून जातं. वरून निकस पाणी आत, खालून सकस पाणी बाहेर. हजारो वर्षं हेच चाललं आहे. पूर्वेकडच्या पाण्यात, जिथे ग्रीस आणि सायप्रस आहेत, हा निकसपणा सर्वांत जास्त.

अरबी समुद्रात याच्या अगदी उलट घडतं. पावसाळ्यातले वारे पृष्ठभागावरचं पाणी बाजूला सारतात आणि खालचं खतयुक्त पाणी वर येतं. पाणी हिरवट होतं, आणि त्यावर तारली, बांगडा यांचे थवे पोसले जातात. आपला गढूळ समुद्र भरल्या ताटाचा समुद्र आहे. नितळ एजियनमध्ये मासे कमी. टॅव्हर्नात गेल्यावर हे लगेच खिशाला कळतं. ताज्या मोठ्या माशाचा दर यादीत किलोवर लिहिलेला असतो; आत जाऊन मासा निवडायचा, तो तुमच्यासमोर वजन करतात आणि बिल बघून घाम फुटतो. म्हणून गावातली माणसं रोजच्या जेवणात गाव्रोस किंवा मारीदा असले बोटभर लांबीचे मासे तळून, डोक्यासकट खातात. गोठवलेला माल वापरला असेल तर यादीत तशी खूण करणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. ती खूण किती पदार्थांपुढे आहे ते एकदा मोजून बघा, निळ्या पाण्याची किंमत समजेल.

या समुद्राला बाहेरून खत मिळायचं ते नाईल नदीच्या पुराचं. १९६० च्या दशकात आस्वानच्या मोठ्या धरणाने पूर अडवला आणि इजिप्तच्या किनाऱ्यावरची तारलीची मासेमारी पार कोसळली. दुसरीकडे १८६९ मध्ये उघडलेल्या सुएझ कालव्यातून तांबड्या समुद्रातले आणि हिंदी महासागरातले मासे आत शिरत आहेत. समुद्र तापत चालल्यामुळे ते आता एजियनपर्यंत पोचले. त्यातला विषारी काट्यांचा सिंहमासा काटे काढून खाता येतो आणि काही खाणावळींनी तो यादीत घेतलाही. फुगणारा लागोकेफालोस मात्र जीवघेणा विषारी. जाळी फाडतो आणि विकताही येत नाही. कोळ्यांच्या शिव्या तो रोज खातो.

आणखी एक गैरसमज. किनाऱ्यावर कधीकधी तपकिरी, फितीसारख्या पानांचे ढीग लागलेले दिसतात आणि पाहुणे नाक मुरडतात. ती पॉसिडोनियाची पानं. हे शेवाळ नव्हे. मुळं, खोड, फुलं असलेली ही खरी वनस्पती आहे. तिची इथली जात फक्त भूमध्य समुद्रात सापडते आणि तळावर चाळीस मीटर खोलीपर्यंत तिची कुरणं असतात. ती गाळ धरून ठेवते, माशांच्या पिल्लांना आसरा देते. झडलेल्या पानांचा ढीग हिवाळी वादळात वाळू वाहून जाऊ देत नाही. ‘किनारा स्वच्छ करू’ म्हणून यंत्राने हे ढीग उचलणाऱ्या गावांना पुढे वाळू विकत आणायची पाळी आलेली आहे.

आजीबाई पाण्यात तासभर गप्पा मारतात त्या कशा?

सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला आयिया आन्नाच्या किनाऱ्यावर एक दृश्य हमखास दिसतं. डोक्यावर टोप्या घातलेल्या तीन-चार वयस्क बायका गळ्याएवढ्या पाण्यात गोल करून उभ्या, हातपाय हलक्याने हलवत आणि गावभरच्या चौकशा करत. तासभर बाहेर येत नाहीत. समुद्रस्नानाला ग्रीक माणूस ‘बान्यो’ म्हणतो आणि जुन्या पिढीतली माणसं उन्हाळ्यात आपली किती बान्या झाली ते मोजत असतात; पुरेशी झाली तर हिवाळ्यात सांधे दुखत नाहीत अशी श्रद्धा.

हे तरंगणं खारटपणामुळे जमतं, असं सगळे सांगतात. एजियनचं पाणी खारट आहे खरं. किलोला ३९ ग्रॅमच्या आसपास मीठ. आपल्याकडे ते ३५-३६ असतं. पण हिशेब केला तर ६० किलोच्या माणसाला अरबी समुद्रापेक्षा इथे जेमतेम दोनशे ग्रॅमचा जादा आधार मिळतो. खरा आधार स्थिर पाण्याचा. ओढून नेणारी ओहोटी नाही, मोठ्या महासागरावरून चालत आलेल्या लाटा नाहीत, सकाळचा वारा पडलेला. अशा पाण्यात भीती वाटत नाही, आणि भीती नसली की माणूस आपोआप तरंगतो.

आपला पाऊस, त्यांचं ऊन

नाक्सोसला वर्षभरात साधारण चारशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही हिवाळ्यात. जुलै-ऑगस्ट जवळपास कोरडे. मुंबईत एकट्या जुलैत आठशे मिलिमीटरहून जास्त पडतो. समुद्राच्या काठावर, ऐन उन्हाळ्यात, भरपूर वाफ होत असताना तिथे ढग का जमत नाहीत?

ढग व्हायला हवा वर जावी लागते. वर गेली की ती प्रसरण पावते, थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. हवा खाली उतरत असेल तर सगळं उलटं. खाली येताना ती दाबली जाते, दर किलोमीटरला साधारण दहा अंशांनी तापते आणि कोरडी होते. उन्हाळ्यात पूर्व भूमध्य समुद्रावर हवा सतत खाली उतरत असते. खालून कितीही वाफ निघाली तरी हे वरचं कोरडं झाकण तिला उंच जाऊ देत नाही.

पण मग हवा तिथेच का उतरते? जगभरात तीस अंश अक्षांशाच्या आसपास हवा उतरते हे ठरलेलं उत्तर इथे पुरत नाही, कारण ही उतरती हवा हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात जोरदार असते आणि नेमकी जूनपासून वाढते. मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स या दोन हवामानशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये याचं उत्तर मांडलं: भारतातला मॉन्सून.

त्यांचं म्हणणं पायरीपायरीने असं. पाऊस पडताना वाफेचं पाणी होतं, तेव्हा वाफेत साठलेली उष्णता हवेत सुटते. भारत आणि बंगालच्या उपसागरावर चार महिने पडणाऱ्या पावसामुळे सुटणारी उष्णता अफाट आहे. तिच्यामुळे वरच्या वातावरणात मोठाल्या, संथ लाटा उठतात आणि पश्चिमेकडे सरकतात. अरबस्तान ओलांडून त्या पूर्व भूमध्य समुद्रापाशी पोचतात. तिथे उत्तरेच्या बाजूने पश्चिमी वारे वाहत असतात. लाटेने तापवलेल्या हवेचे थर तिरपे झालेले असतात, आणि वायव्येकडून आलेली तुलनेने थंड हवा त्या तिरप्या थरांवरून खाली घसरते. संगणकावरच्या प्रारूपात आशियाई मॉन्सूनची उष्णता घातली की भूमध्य समुद्राच्या पूर्व भागावर आणि सहाराच्या पूर्वेला हवा उतरताना दिसते. एकट्या मॉन्सूनने हे घडत नाही. पश्चिमी वारे नसते तर झाकण एवढं घट्ट बसलं नसतं. स्पेनच्या बाजूला तर अटलांटिकवरच्या अझोर्स बेटांजवळचा जास्त दाबाचा पट्टाच मुख्य ठरतो. पण ग्रीसच्या निरभ्र जुलैत आपल्या पावसाचा वाटा मोठा आहे, हे आज सर्वसाधारणपणे मान्य आहे.

म्हणजे महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, किनाऱ्यावर जीवरक्षक शिट्ट्या मारून पर्यटकांना पाण्याबाहेर काढत असतात, त्याच काळात आणि काही अंशी त्याच कारणाने नाक्सोसचा हंगाम भरात असतो. टॅव्हर्नाबाहेर दोरीवर टांगलेले ऑक्टोपस कोरड्या उन्हात वाळतात. आपल्याकडे बोंबील वाळवायला पाऊस संपायची वाट बघावी लागते.

दुपारी सुटणारा मेल्टेमी

इतकं ऊन आणि ढग नाही, तर भाजून निघायला हवं. बेटावर तसं होत नाही, कारण मेल्टेमी. जुलै-ऑगस्टमध्ये एजियनवर उत्तरेकडून वाहणारा हा कोरडा वारा. सकाळी दहापर्यंत पाणी काचेसारखं असतं. मग छत्र्यांच्या झालरी हलू लागतात, आणि दुपारी दोनला कुणाची तरी टोपी पाण्यावर धावत असते.

शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून समुद्रावरून जमिनीकडे वारा येतो, तो खारा वारा. मेल्टेमी त्या जातीचा नाही. तो शेकडो किलोमीटर लांबीचा वारा आहे, आणि त्याचंही एक टोक आपल्याकडे आहे. उन्हाळ्यात वायव्य भारत-पाकिस्तानपासून इराणमार्गे तुर्कस्तानापर्यंत तापलेल्या जमिनीवर कमी दाबाचा लांबलचक पट्टा तयार होतो. मॉन्सूनला आत ओढणारा हाच पट्टा. दुसऱ्या बाजूला बाल्कन प्रदेशावर जास्त दाब असतो. आपल्या गोलार्धात वारा कमी दाबाभोवती घड्याळाच्या उलट आणि जास्त दाबाभोवती घड्याळाच्या दिशेने फिरतो. एजियन या दोघांच्या मधोमध, त्यामुळे दोन्हीकडून त्याला उत्तरेचाच वारा मिळतो. दुपारी तुर्कस्तानची जमीन आणखी तापते, दाबातला फरक वाढतो आणि वाऱ्याला जोर चढतो. रात्री बहुधा ओसरतो. पण काही वेळा तीन-चार दिवस अहोरात्र वाहतो आणि मग बंदरातून बोटी सुटत नाहीत.

मेल्टेमीमुळेच पाणी थंड राहतं. तो समुद्र घुसळून खालचं पाणी वर आणतो. ऑगस्टातही या बेटांभोवती पाणी साधारण २४-२५ अंशांवर असतं. कोकणात मे महिन्यात ते ३० च्या आसपास जातं.

बेटावरच्या माणसाला ‘आज कुठल्या किनाऱ्यावर जाऊ?’ असं विचारलं की तो आधी वारा बघतो. उत्तरेचा जोर असेल तर भूशिराच्या किंवा डोंगराच्या आडोशाचा किनारा. मिक्री व्हिग्लाला उत्तरेकडची बाजू पतंगाला लोंबकळून लाटा कापणाऱ्यांनी भरलेली असते आणि भूशिराच्या पलीकडे, दक्षिणेला, पोरं शांतपणे वाळूचे किल्ले करत असतात. अंतर चालत जाण्याइतकं.

दुपारची झोप आणि उशिराचा सूर्य

आता वामकुक्षी. ग्रीसमध्ये उन्हाळ्यात दुपारी ३ ते ५:३० ही शांततेची वेळ पोलिसांच्या आदेशाने ठरलेली आहे. त्या वेळेत ड्रिल मशीन चालवलं किंवा मोठ्याने गाणी लावली तर शेजारी तक्रार करू शकतो. पुण्यातल्या १ ते ४ ला अजून सरकारी मान्यता मिळायची आहे.

ही वेळ एवढी उशिराची का, तर घड्याळामुळे. उन्हाळी वेळ पाळण्यासाठी तिथली घड्याळं तासभर पुढे असतात, त्यामुळे जुलैत नाक्सोसला सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी सव्वा ते दीडच्या दरम्यान. सर्वांत कडक तास त्यानंतर येतात. सूर्यास्त जूनअखेर पावणेनऊच्या सुमाराला. म्हणून गाव साडेपाचला उठतं, पुन्हा पोहतं आणि रात्री दहाला जेवतं. पोरं मध्यरात्रीपर्यंत चौकात खेळताना दिसली तर नवल नाही. दुपारी सक्तीने झोपवलेली असतात.

दुपारी किनाऱ्यावर थांबायचंच असेल तर गावची माणसं छत्रीचे पैसे भरत नाहीत. ती टॅमॅरिस्कच्या झाडाखाली बसतात. बारीक, खवल्यांसारख्या पानांचं हे झाड खारं पाणी पिऊन जगतं आणि जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. बुंध्याला चुना फासलेला असतो. त्याच्याखाली पानांवरून खारट थेंब टपकले तर ते झाडाचेच.

१५ ऑगस्टला मरियामातेचा मोठा सण. अथेन्समधली माणसं मूळ गावी येतात, आपल्याकडे गणपतीला चाकरमानी येतात तशीच बोटींना तोबा गर्दी करून. नाक्सोसच्या डोंगरातल्या फिलोती गावची जत्रा रात्रभर चालते. सण झाला की किनारे मोकळे व्हायला लागतात, मेल्टेमीही हळूहळू मंदावतो, आणि पाणी मात्र ऊबदारच राहतं, कारण समुद्र हवेपेक्षा सावकाश निवतो.

तेव्हा जायचा विचार असेल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरा. जुलै-ऑगस्टमध्येच जावं लागत असेल तर पोहणं सकाळी उरकून घ्या, वारा वाढला की आडोशाच्या किनाऱ्याला जा. आणि अथेन्सहून परतीचं विमान असेल त्याच दिवशीची बोट धरू नका. मध्ये किमान एक दिवस मोकळा ठेवा, कारण मेल्टेमीने बोट अडवली तर विमान थांबत नाही.